ज्याचं त्यानं

कुणी मला विचारलं, की बाई, तुम्ही आजवर सगळ्यात चोख काय शिकवलंत, तर उत्तर माझ्या जिभेवर तयार आहे. फक्त ते सांगताना तोंड कडू होतं. तरी सांगते, कारण पोटात ठेवून ठेवून आता मलाच त्याचा त्रास व्हायला लागलाय.

आमची शाळा म्हणजे चंदनबाई विद्यामंदिर. धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, तालुक्याच्या गावाला. तीन मजले, गुळगुळीत फरशी, आणि दारातच मोठी पाटी, 'शाळेच्या आवारात शुद्ध मराठीतच बोलावे.' मी चौथीच्या वर्गाला. सपना भालेराव, मानधनावर. माहेर एरंडोल तालुक्यातलं, नवरा धम्मपाल दीपनगरला वीज केंद्रात, आणि मी इथे एका खोलीत भाड्यानं. शनिवारी एसटी पकडायची, रविवारी संध्याकाळी परत. चार वर्षं हेच चाललंय.

त्या पाटीचं म्हणाल तर तिच्याखाली उभं राहून सगळ्यात जास्त अहिराणी आमचे मुख्याध्यापक चुडामण सरच बोलतात. मधल्या सुट्टीत भावाला फोन लावतात आणि व्हरांडा दणाणून सोडतात, "आरे, बठ्ठा कापूस घरमा भरी ठेव, आते इकू नको!" फोन ठेवला की गळा खाकरतात आणि समोरून जाणाऱ्या पोराला म्हणतात, "बाळा, रांगेत चालावे." मला हसू येतं आणि संतापही येतो. कारण हेच मलाही करता येतं. घरी आईशी फोनवर बोलताना मीही 'शे'शिवाय वाक्य संपवत नाही, आणि वर्गात पाय टाकला की 'आहे'. तिसरीत असताना मी वर्गात म्हटलं होतं, "बाई, मन्ही माय घर शे." अख्खा वर्ग हसला. बाईंनी शंभर वेळा 'आहे' लिहायला लावलं. सत्तरच्या पुढे बोट दुखायला लागलं होतं, ते अजून आठवतं.

तर दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये सरकारच्या योजनेतून आमच्याकडे अकरा पावरा मुली आल्या. डोंगरातल्या पाड्यांवरच्या, नऊ-दहा वर्षांच्या. प्रत्येकीच्या हातात पत्र्याची पेटी. राहायला शाळेचंच वसतिगृह. फी सरकार भरणार, शाळेचं नाव पेपरात येणार, फोटो निघणार. फोटो निघालेही. आमच्या संस्थेच्या चेलना मॅडमनी स्वतः प्रत्येकीला गुलाबाचं फूल दिलं. फक्त एक अट होती, आणि ती शाळेनं स्वतः घातलेली होती: दिवाळीनंतर चाचणी घ्यायची, आणि जिला 'प्रवाहात येणे जमत नाही' तिला परत पाठवायचं. प्रवाह हा शब्द चुडामण सरांना फार आवडतो.

या अकरा जणींत एक होती सेवली. सेवली दुरसिंग पावरा. काळी, किडकिडीत, कपाळावर आडवी जुनी जखम, आणि डोळे असे की फळ्यावरचं सगळं पिऊन टाकील. पण तोंड उघडेल तर शपथ. जून गेला, जुलै गेला. विचारलं की खाली बघायचं. ज्योती मॅडम, आमच्या पाचवीच्या वर्गशिक्षिका, स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "अगं, ती मंद आहे. तू जीव काढू नकोस." मी म्हटलं, "मंद कशी? पाढे लिहून दाखवते." त्या म्हणाल्या, "पाठ करत असेल."

आता मला सांगा, पाठ करणारं पोर मंद कसं? पण स्टाफरूममध्ये वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

खरी गोष्ट अशी होती, आणि ती माझ्या टाळक्यात उतरायला मलाही दोन महिने लागले. या पोरींच्या घरी पावरी बोलतात. खाली बाजाराला आल्या की दुकानदाराशी, बसच्या कंडक्टरशी अहिराणीत निभावून नेतात. म्हणजे आमची 'शे-व्हयनं'वाली बोली हीच त्यांची पहिली परकी भाषा. आणि पुस्तकातली मराठी त्याच्याही वरची पायरी. आम्ही त्यांना थेट वरच्या पायरीवर उभं करत होतो आणि चढल्या नाहीत म्हणून रागवत होतो. मग एखादीनं हिंमत करून अहिराणीत उत्तर दिलं की तेही गावंढळ म्हणून फेटाळायचो. बिचारीनं बोलायचं तरी कशात?

एक दिवस मी वर्गाचं दार लावून घेतलं आणि सेवलीला म्हटलं, "सांग ना वं, तुन्हं घर कितलं दूर शे?"

तिनं मान वर केली. माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू भिंत बोलली. आणि मग म्हणाली, "दूर शे. दोन डोंगर." चारच शब्द, पण मला वाटलं, अगं बाई, जिंकलं!

ऑगस्टमध्ये कागदपत्रांवर पालकांच्या सह्या हव्या होत्या. बाकी कुणी डोंगरात जायला तयार नव्हतं, म्हणून मी गेले. जीपनं अर्धा रस्ता, पुढे पायी, आणि सोबत वाट दाखवायला सेवली. तिच्या पाड्यावर पोचले तर काय! दुरसिंगच्या शेतात तीसएक माणसं वाकलेली. बाया, बाप्ये, म्हातारी, पोरं, सगळे निंदणी करतायत. मला वाटलं, मजूर लावलेत. सेवलीला विचारलं. ती हसली, म्हणाली, "मजूर नही. लाह शे."

मग तिनं मला सांगितलं. पावरी, अहिराणी, हातवारे, सगळं मिसळून सांगितलं, आणि ती पहिल्यांदाच इतकी बोलली. लाह म्हणजे अशी, की एकाच्या शेतातलं काम अंगावर आलं की सगळा पाडा त्याच्याकडे येतो. मजुरी कुणी मागत नाही. ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं. उद्या दुसऱ्याकडे. आणि शेतात प्रत्येकाची एकेक ओळ ठरलेली असते. ज्याची ओळ आधी संपते तो बांधावर जाऊन बसत नाही. तो शेजारच्याच्या ओळीत समोरून शिरतो आणि दोघं मधे भेटतात. आपली ओळ संपवून जो बसून राहिला त्याची पाड्यावर फार छी-थू होते. एक म्हातारा हात थांबवून मला म्हणाला, "बसी ऱ्हाये तो माणूस काय कामना?"

मी परत येताना जीपमध्ये एकटीच हसत होते. मला माझा वर्ग सापडला होता.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दहा गणितं लिहिली आणि म्हटलं, "आज लाह!" अकराही जणींच्या माना एकदम वर. गावातल्या पोरांना काही कळेना, त्यांना समजावून सांगितलं. जिचं आधी होईल तिनं गप्प बसायचं नाही, शेजारणीकडे जायचं, तिच्या पाटीवर शेवटच्या गणितापासून सुरू करायचं आणि करताना बोलून दाखवायचं. काय सांगू, त्या दिवशी माझ्या वर्गात जो गलका झाला! पावरीत, अहिराणीत, पुस्तकी मराठीत, मिळेल त्या भाषेत पोरी भागाकार समजावत होत्या. सेवली तर या बाकावरून त्या बाकावर. महिनाभरात या मुली बोलायला लागल्या, वाचायला लागल्या. सप्टेंबरअखेर सेवली गावातल्या पोरांच्या पुढे गेली. गावातल्या पोरांच्या आयांनी मला फोन केले, बाई, आमचा पोरगा घरी येऊन म्हणतो लाह घाला, हे काय नवीन?

मागे राहिली होती एकच, गेंदी. सेवलीच्याच पाड्यावरची, तिच्याच वयाची, गोरीमोरी होऊन बसणारी. तोंडी हिशेब विचारला तर बोटांवर पटकन सांगायची, पण गणित वाक्यात लिहिलेलं आलं की अडायची, कारण वाक्यच कळायचं नाही. सेवली रोज तिची पाटी घेऊन बसायची. मला वाटलं, आणखी दोन-तीन महिने मिळाले तर गेंदीही निघेल. दोन-तीन महिने, बस. जास्त काही मागत नव्हते मी.

दिवाळीची सुट्टी संपली आणि चाचणी आली. सुपरव्हिजनला ज्योती मॅडम. मला माझ्याच वर्गात थांबायची परवानगी नव्हती, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात. आणि इथेच मी चुकले. या पोरींनी जन्मात लेखी परीक्षा दिली नव्हती. इथे यायच्या आधीची त्यांची आश्रमशाळा कशी, तर कुणी फळ्यावर लिहायचं आणि सगळ्यांनी उतरवायचं. मी त्यांना पेन कसा धरायचा सांगितलं, नाव कुठे लिहायचं सांगितलं, प्रश्न दोनदा वाचा सांगितलं. पण परीक्षेत लाह नसते, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते सांगावं लागतं हेच सुचत नाही.

अर्ध्या तासानं वर्गातून ज्योती मॅडमची किंचाळी आली. मी धावले. सेवली स्वतःचा पेपर संपवून, नीट घडी करून, बाकावर ठेवून उठली होती. सगळ्यांच्या देखत, सावकाश चालत गेंदीच्या बाकावर गेली. तिला जरा सरकवलं, तिच्या हातातून पेन घेतला आणि शेवटच्या प्रश्नापासून लिहायला सुरुवात केली. दोन गणितं सोडवूनही झाली होती.

"कॉपी!" ज्योती मॅडमचा आवाज तीन मजले ऐकू गेला. "भरदिवसा! माझ्या डोळ्यांसमोर!"

मी म्हटलं, "अहो, चोरी करणारं माणूस असं चालत येऊन बसतं का?" पण कोण ऐकतंय. सेवली उभी होती, हातात पेन, आणि माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती, नुसती गोंधळलेली. मग हळूच म्हणाली, "बाई, मन्हं व्हयी गयं. तिन्हं बाकी शे. मंग मी काय बशी ऱ्हाऊ?"

ज्योती मॅडम म्हणाल्या, "बघा, बोलतेय कशी! लाज नाही ती नाही, वर भाषा ही!"

तीन दिवसांनी दुरसिंगला बोलावलं. बिचारा पहाटेच निघाला असणार, अकराला पोचला. डोक्याला फेटा, पायात टायरच्या चपला. चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि चुडामण सरांच्या केबिनमध्ये उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसेना. गेंदीचे आईवडील गुजरातेत ऊसतोडीला गेलेले, तिच्या वतीनंही तोच आला होता. दोघी पोरी कोपऱ्यात उभ्या. मी सेवलीच्या शेजारी.

सर शुद्ध मराठीत म्हणाले, "तुमच्या मुलीने परीक्षेत दुसऱ्या मुलीची उत्तरपत्रिका लिहिली आहे. हे अत्यंत गंभीर आहे."

दुरसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी अहिराणीत सांगितलं. सेवलीचं लिहून झालं, गेंदीचं राहिलं होतं, मग सेवली तिच्याकडे गेली आणि तिचं लिहू लागली.

त्याचा चेहरा असा उजळला म्हणता! तो दोन पावलं पुढे गेला, सेवलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बेस करं, बेटी." मग सरांकडे वळून हात जोडले. त्याला वाटलं, पोरीचं कौतुक करायलाच आपल्याला इतक्या लांबून बोलावलंय. म्हणाला, "भाऊ, तुमनी शाळा चांगली शे."

कपाळ माझं! मला हसावं की रडावं कळेना. सरांचा चेहरा लालबुंद. "बघितलंत भालेराव? बापालाही काही वाटत नाही! हे असं घरीच मिळतं. मग आपण काय करणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सर, घरी नाही. मी शिकवलं."

"काय?"

"वर्गात ज्याचं आधी होईल त्यानं दुसऱ्याला मदत करायची, हे मी शिकवलं. म्हणजे त्यांच्याकडूनच शिकले आणि वर्गात आणलं. त्यामुळेच या पोरी बोलायला लागल्या. परीक्षेत तसं करायचं नसतं हे सांगायचं राहिलं, ती चूक माझी. मीच शिकवलं, सर. पोरीला कशाला शिक्षा?"

खरं सांगते, हे बोलताना मला माझाच अभिमान वाटला. सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी थोडा वेळ पेन टेबलावर आपटला. वाईट माणूस नाहीत ते, मी उगाच कशाला म्हणू. पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. म्हणाले, "हे बघा, सेवलीचा स्वतःचा पेपर चांगला आहे. चेलना मॅडमशी बोललो मी. तिला एक संधी देऊ. सोमवारी पुन्हा पेपर, एकटीला, ऑफिसात. आणि नंतर पाच मिनिटं मॅडमसमोर तोंडी. शुद्ध मराठीत. शे-बिशे चालणार नाही. जमलं तर राहील."

"आणि गेंदी?"

"गेंदीच्या पेपरात तिचं स्वतःचं काय आहे? दोन ओळी. तिला परत आश्रमशाळेत."

"सर, तिला दोन महिने..."

"भालेराव, दोघींना वाचवायला गेलात तर दोघी जातील. आणि तुमचं पत्रही एप्रिलमध्ये नूतनीकरणाला येतं, हेही लक्षात असू द्या."

मी मूग गिळून बसले. बसले म्हणजे उभीच होते, पण तुम्हाला कळलं. दुरसिंगला मी बाहेर नेऊन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पुन्हा तसा उजळला नाही. चपला घालता घालता तो फक्त इतकंच म्हणाला, "गेंदीनी माय मन्हा भरोसावर शे, अक्का." आणि सेवलीला ठेवून गेला, कारण तिनं शिकावं असं त्याला खरंच वाटत होतं. पाड्यावर एकाला तरी कागद वाचता यायला हवा, नाहीतर वनखात्याचा कुणीही येऊन काहीही सांगून जातो, हे त्यानंच मला ऑगस्टमध्ये सांगितलं होतं.

त्या शनिवारी मी दीपनगरला गेले नाही. धम्मपाल फोनवर म्हणाला, "एवढी कुणाची कोण ती पोरगी?" मी फोन ठेवला.

रविवारी दुपारी वसतिगृहात जाऊन सेवलीला माझ्या खोलीवर आणलं. जेवू घातलं आणि बसवलं. मग जे केलं ते असं. मी तिला पेपर दिला आणि समोर दुसरा कागद ठेवून मी गेंदी झाले. खोटं खोटं अडले. म्हटलं, "सेवली, मले येत नही." ती लगेच उठली. मी तिचं मनगट धरून खाली बसवलं. "नाही. बसायचं." पुन्हा अडले. पुन्हा ती उठली. पुन्हा बसवलं. पाचव्या-सहाव्या वेळी ती उठली नाही, नुसतं अंग हललं. मी म्हटलं, "शाब्बास. हात असा कागदाभोवती. कोपर असं. कुणाला दिसता कामा नये. कुणाकडे बघायचं नाही."

"काब्र?"

"काब्र नाही. का."

"का?"

"कारण परीक्षेत ज्याचं त्यानं करायचं असतं. म्हण."

"ज्यानं त्यानं..."

"ज्याचं त्यानं करायचं असतं."

"ज्याचं त्यानं करायचं असतं."

"पुन्हा."

किती वेळा म्हणवून घेतलं ते मोजलं नाही. मग तोंडीची तयारी. माझे नाव सेवली आहे. माझे गाव डोंगरात आहे. मला शाळा आवडते. 'शे' आला की मी टेबलावर बोट आपटायचे. तिसऱ्या-चौथ्यांदा बोट आपटलं तेव्हा एकदम लक्षात आलं, की हे बोट तर तेच, सत्तरनंतर दुखायला लागलेलं. लक्षात आलं, आणि तरी पुढच्या 'शे'ला पुन्हा आपटलं. काय करणार होते? सोमवार डोक्यावर होता.

चार वाजता तिनं पेन खाली ठेवला आणि विचारलं, "मंग गेंदीनं काय?"

मी थकले होते. चिडलेली होते. शाळेवर चिडलेली, त्या चाचणीवर, नवऱ्यावर, स्वतःवर, आणि देवाशपथ, त्या क्षणी त्या पोरीवरही, की हिचं सगळं पणाला लागलंय आणि हिला गेंदीचं पडलंय! मी खेकसले, "गेंदीचं गेंदी बघेल! तुझं तू बघ!"

तिनं पेन उचलला, कोपर कागदाभोवती ठेवलं आणि पुढचं गणित सोडवायला लागली.

सोमवारी सेवलीला पन्नासपैकी सत्तेचाळीस. तोंडीला चेलना मॅडमनी विचारलं, "तुला इथे कसं वाटतं?" आणि सेवली म्हणाली, "मला इथे छान वाटते." मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी तिला पेन भेट दिला. शाळेच्या ग्रुपवर फोटो आला, खाली टाळ्या वाजवणारे हात. मीही एक टाळी टाकली.

मंगळवारी सकाळी वसतिगृहाच्या मावशी गेंदीला घेऊन निघाल्या. हातात पत्र्याची पेटी, तीच, जूनची. मी फाटकापर्यंत गेले. गेंदी मागे वळून चौथीच्या खिडकीकडे बघत होती. सेवली खिडकीजवळच बसायची. ती पुस्तकात बघत होती. तिनं गेंदीला पाहिलं असणार, पण मान वर केली नाही. मी स्वतःला म्हटलं, तिला वाईट वाटत असेल म्हणून. चार दिवसांनी रुळेल, मग वर्गात पुन्हा लाह सुरू करू, उरलेल्या दहा जणी तरी आहेत. असं स्वतःला समजावत मी दोन-अडीच महिने काढले. चुडामण सरांनी 'ती तुमची पद्धत' तूर्त थांबवायला सांगितली होती, तेवढं निमित्त मला पुरेसं होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी मला राहवलं नाही. सर कुठे मीटिंगला गेलेत असं ऐकलं होतं. मी दार लावलं, फळ्यावर दहा गणितं लिहिली आणि म्हटलं, "चला, आज लाह!"

गावातली पोरं खुश झाली. पण पावरा मुलींपैकी कुणी मान वर केली नाही. सगळ्या सेवलीकडे बघत होत्या. तीच त्यांची पुढारी, ती करेल ते त्या करणार. सेवलीनं दहाही गणितं सोडवली, सगळ्यांच्या आधी. वही बंद केली नाही. डावा हात वहीभोवती गोल ठेवला, कोपर बाहेर, अगदी मी दाखवलं होतं तसं, आणि समोर बघत बसून राहिली. तिच्या शेजारी सुरमी होती, तिच्याच पाड्याजवळची, सातव्या गणितावर अडलेली. सुरमी तिच्या कोपराकडे बघत होती.

मी जवळ गेले. अहिराणीत म्हटलं, मुद्दाम अहिराणीत, "सेवली, तुन्हं व्हयी गयं ना? सुरमीनं बाकी शे. जाय ना वं."

सेवलीनं माझ्याकडे पाहिलं. तेच डोळे. आणि एकेक अक्षर स्वच्छ, ठळक, कुठेही न अडखळता म्हणाली, "बाई, ज्याचं त्यानं करायचं असतं."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. वळून बघते तर दार उघडून चुडामण सर उभे. मीटिंग लवकर संपली असावी. त्यांचा चेहरा कौतुकानं नुसता फुललेला.

"वा!" ते म्हणाले. "काय उच्चार! काय शिस्त! जूनमध्ये तोंड उघडत नव्हती ही. भालेराव, शेवटी शिकवलंत हं तुम्ही."

सेवलीनं कोपर तसूभरही हलवलं नव्हतं. सुरमीनं मान खाली घातली होती.

"हो सर," मी म्हटलं. "मीच शिकवलं."